पेशी, ऊती, स्नायू आणि नस: शरीराच्या विणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना ऊतींचा धडा चार-पाच तासांत संपतो. प्रश्न मात्र वर्षभर येत राहतात, आणि त्यातले निम्मे मुलांचे नसून त्यांच्या घरच्यांचे असतात. कोणाच्या आजीच्या गुडघ्यातलं वंगण संपलेलं असतं, कोणाच्या काकांचा ‘तुकडा तपासायला पाठवलेला’ असतो. त्या सगळ्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उपचार काय करायचे हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

ऊती म्हणजे नक्की काय?

एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. पाठ्यपुस्तकातली ही व्याख्या बरोबर आहे, पण अपुरी. पेशींच्या मधे जे भरलेलं असतं तेही ऊतीचाच भाग असतं. हाडात तर पेशी विरळ आणि मधला माल भरपूर, आणि हाडाचा कणखरपणा येतो तो या मालातून.

प्रौढ माणसाच्या शरीरात पेशींचे ढोबळमानाने दोनशे प्रकार मोजतात. ऊतींचे मुख्य प्रकार मात्र चारच: अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडणारी, आधार देणारी), स्नायू आणि चेता (निरोप नेणारी, इंग्रजीतली ‘नर्व्ह’). त्यांच्याच निरनिराळ्या मांडणीतून अवयव तयार होतात. जठराचं उदाहरण घ्या. सगळ्यात आत अभिस्तराचं अस्तर असतं, तेच आम्ल आणि श्लेष्मा पाझरवतं. त्याखाली रक्तवाहिन्या वागवणारी संयोजी ऊती. मग अन्न घुसळणारे स्नायूंचे तीन थर, आणि या सगळ्यात पसरलेलं चेतातंतूंचं जाळं. एका जठरात चारही ऊती सापडतात.

हा शब्द आला कुठून? टिश्यू पेपरशी काही संबंध आहे का?

आहे! संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणणं, वीण. फ्रेंच ‘तिस्यू’चा अर्थही विणलेलं कापड. इंग्रजीत ‘टिश्यू’ हे आधी तलम कापडाचं नाव होतं, पुढे ते पातळ कागदाला आणि शरीरालाही लागलं. आपल्याकडे परिभाषा घडवणाऱ्यांनी विणण्याचाच शब्द उचलला, हे मला फार आवडतं.

शरीराच्या बाबतीत हा शब्द रुजवला तो पॅरिसच्या झाव्हिए बिशा या तरुण शरीररचनातज्ज्ञाने, १८०० सालच्या सुमारास. त्याने २१ प्रकारच्या ऊती सांगितल्या, आणि त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता. त्या काळच्या भिंगांवर त्याचा विश्वास नव्हता. तो शव कापायचा, तुकडे उकळायचा, वाळवायचा, आम्लात टाकायचा आणि काय कसं बदलतं ते बघायचा. १८०२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी तो गेला. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले आणि त्याच्या एकवीसांची विभागणी चार घरांत झाली.

हिंदी व्हिडिओत ‘पेशी’ म्हणजे स्नायू सांगतात. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. एकच शब्द दोन भाषांनी दोन कामांना लावला आहे. आपल्या मराठीत पेशी, ऊती आणि स्नायू. हिंदीत त्यांनाच अनुक्रमे कोशिका, ऊतक आणि पेशी म्हणतात. त्यात भर म्हणजे हिंदीत ‘स्नायु’ कधी हाडाला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधासाठी येतो, तर कधी चेतांसाठी. ‘स्नायु तंत्र’ ऐकून आपला विद्यार्थी स्नायूंचं चित्र काढतो आणि विषय असतो मज्जासंस्थेचा.

जुन्या अर्थाच्या जवळ हिंदीच आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत. त्या आजच्या अर्थाने पेशी नव्हेत, ते मांसाचे स्नायू आहेत. तिथले ९०० ‘स्नायु’ म्हणजे बांधून ठेवणारे दोर. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी हिंदी व्हिडिओ बघणाऱ्या मुलांना मी वहीच्या पहिल्या पानावर हे शब्द समोरासमोर लिहून ठेवायला सांगतो.

आणि ‘नस’? ती कोणत्या ऊतीत बसते?

कुठेच बसत नाही, कारण आपल्या बोलण्यात ‘नस’ आणि ‘शीर’ या शब्दांत किमान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. ‘हाताची नस कापली’ म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. ‘कमरेत नस दबली’ तर ती चेता. ‘मानेची शीर आखडली’ म्हणजे बहुतेक वेळा स्नायू. ‘टाचेमागची शीर तुटली’ असेल तर तो स्नायुरज्जू, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर. डॉक्टरांना नुसतं ‘नस’ सांगण्यापेक्षा मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, हालवताना दुखतं की बसल्या जागी, हे सांगितलंत तर कोणत्या ऊतीचं दुखणं आहे हे त्यांना लवकर कळतं.

खरचटलं तर कधी रक्त येतं, कधी नुसतं पांढरं ओरखडतं. असं का?

अभिस्तर ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. त्वचेचा सगळ्यात वरचा थर हा अभिस्तर. ओरखडा तेवढ्यातच राहिला तर रक्ताचा थेंबही येत नाही. तो ओलांडून खालच्या संयोजी थरात गेला की लाल. मग अभिस्तराला अन्न-प्राणवायू कुठून मिळतो? खालच्या थरातल्या रक्तवाहिन्यांमधून, झिरपत.

अभिस्तर म्हणजे शरीराची आतली-बाहेरची अस्तरं आणि ग्रंथी. जागा तशी बांधणी. फुप्फुसाच्या वायुकोशात वायूंची देवाणघेवाण व्हायची असते, म्हणून एकच थर आणि तोही कागदासारखा चपटा. अन्ननलिकेत घास घासत जातो, म्हणून एकावर एक थर. आतड्यात शोषून घ्यायचं असतं, तिथे उंच खांबांसारख्या पेशी. श्वासनलिकेत त्याच खांबांच्या डोक्यावर बारीक केस, जे धूळ अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलत राहतात. वर्षानुवर्षं धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासमार्गात हे केसवाले खांब जागोजागी नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. धूर सोसायला ते चिवट असतात, पण कचरा वर ढकलणारं कोणी उरत नाही. मग ते काम खोकल्यावर येतं.

झिजणं हेच या ऊतीचं नशीब असल्यामुळे तिच्या पेशी सतत विभागत असतात. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, त्वचेचा वरचा थर महिनाभरात. जीभ भाजली तरी दोन-चार दिवसांत ठीक होते ती यामुळेच. मात्र जिथे विभाजन जास्त, तिथे चुका व्हायलाही वाव जास्त. प्रौढांमधले बहुतेक कर्करोग अभिस्तरातच सुरू होतात.

गुटखा खाणाऱ्यांचं तोंड उघडेनासं होतं. ही कोणत्या ऊतीची भानगड?

या प्रश्नावर मी मुद्दाम वेळ घालवतो, कारण वर्गात दर वर्षी एखादा तरी असा असतो ज्याच्या घरात कोणाला तरी हा त्रास आहे. गालाच्या आत वर अभिस्तर असतो आणि त्याखाली लवचीक संयोजी ऊती. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे या खालच्या थरात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू जास्त बनतात आणि मोडतात कमी. गाल आतून ताठ होतो, पांढरट पट्टे बोटाला लागतात, तिखट सोसत नाही आणि तोंडात दोन बोटंही उभी जात नाहीत. तंबाखू नसलेली साधी सुपारी खाऊनही हे होऊ शकतं, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही.

म्हणजे आवळला जातो तो संयोजी थर, आणि पुढे कर्करोग उद्‌भवला तर तो वरच्या अभिस्तरात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही एसटी स्टँडच्या भिंती सांगतील.

रक्त तर पातळ असतं. ते ऊती कसं?

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. संयोजी ऊतीची खूण काय? मधला माल भरपूर आणि त्यात पेशी विखुरलेल्या. रक्तात तो माल द्रव आहे, इतकंच: प्लाझ्मा, रक्ताच्या साधारण ५५ टक्के. हाडात तोच माल दगडासारखा, कूर्चेत (कार्टिलेजमध्ये) रबरासारखा. सगळे गर्भातल्या एकाच थरातून येतात, म्हणून एकाच घराण्यातले.

तांबड्या पेशीची गंमत अशी की तिच्यात केंद्रकच नसतं. हिमोग्लोबिनला जागा करून देण्यासाठी ते आधीच टाकून दिलेलं असतं. त्यामुळे तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही आणि साधारण १२० दिवसांनी ती मोडीत निघते.

हाड जिवंत असतं का?

अगदी. मोडलेलं हाड जुळतं, हाच पुरावा. हाडात दोन टोळ्या अखंड राबत असतात, एक जुनं हाड कुरतडणारी आणि दुसरी नवं भरणारी. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. वयाबरोबर, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर जास्तच, कुरतडणाऱ्यांची सरशी होते आणि हाडं ठिसूळ होतात. कॅल्शियमच्या गोळ्या हा त्या हिशोबाचा एक भाग झाला. हाडावर भार पडणं, म्हणजे चालणं आणि वजन उचलणं, हा दुसरा, आणि तो गोळीत मिळत नाही.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग: कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवा, व्हिनेगर मधे एकदा बदला. हाडाचा आकार तोच राहतो, पण ते रबरासारखं वाकतं. क्षार विरघळले, कोलॅजेन उरलं. उलट चुलीत जळालेलं हाड आकार धरून असतं पण चिमटीत चुरतं, कारण तिथे कोलॅजेन गेलं आणि क्षार राहिले. सिमेंट आणि सळ्या दोन्ही हव्यात. या सळ्या नीट विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते महिनोन्‌महिने मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमाही उकलतात. लांबच्या सफरींवरच्या खलाशांना होणारा स्कर्व्ही तो हाच.

‘गुडघ्याचं वंगण संपलं’ म्हणतात ते खरं का?

शब्दशः खरं नाही. गुडघ्यात वंगण मुळातच जेमतेम अर्धा-पाऊण चमचा असतं. संधिवाताने सुजलेल्या गुडघ्यात तर ते बऱ्याचदा वाढलेलं असतं, सुईने काढावं लागतं. झिजलेली असते ती कूर्चा: हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, निळसर-पांढरं आवरण.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि चेताही नाहीत. चेता नाहीत म्हणून झिजायला लागते तेव्हा ती ओरडत नाही. दुखायला लागतं ते खालच्या हाडाला आणि भोवतालच्या आवरणाला झळ पोचते तेव्हा, तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. रक्त नाही म्हणून दुरुस्तीचं सामानही येत नाही. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, स्पंजासारखं: पाय टेकला की दाबली जाते, उचलला की द्रव शोषून घेते. म्हणून ‘गुडघे दुखतात म्हणून चालणंच सोडलं’ हा बेत बहुधा उलटा पडतो. किती चालायचं हे डॉक्टर ठरवतील, पण शून्य हे उत्तर क्वचितच असतं.

स्नायुरज्जू आणि अस्थिबंध यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

नावातच उत्तर आहे. अस्थिबंध अस्थीला अस्थीशी बांधतो, स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी. पाय मुरगळतो तेव्हा ताणला जातो तो अस्थिबंध. दोघांनाही रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून हाड जुळायला जेवढे आठवडे लागतात, फाटलेला अस्थिबंध कधी कधी त्याहून जास्त घेतो. ‘हाड नाही ना मोडलं, मग झालं!’ हे घरोघरचं वाक्य त्यामुळे मला पटत नाही.

चरबी ही ऊती आहे?

हो, संयोजीच. ती साठवते, ऊब धरते, मूत्रपिंडाला गादी देते. शिवाय संप्रेरकंही सोडते. शरीरात साठा किती आहे हे मेंदूला कळवणारं लेप्टिन चरबीतून येतं, हे १९९४ मध्ये उलगडलं. तान्ह्या बाळांच्या पाठीत तपकिरी चरबी असते, ती जळून थेट उष्णता देते, कारण बाळांना अजून नीट कुडकुडता येत नाही.

व्यायामाने स्नायूंची संख्या वाढते का?

संख्या नाही, जाडी वाढते. हाडांना जोडलेल्या स्नायूचा प्रत्येक तंतू आतल्या प्रथिनांची भर पडून जाड होतो. या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. ताण पडला, बारीकसारीक इजा झाली की त्या जाग्या होतात आणि डागडुजी करतात. व्यायामशाळेतला पहिला आठवडा आठवा.

स्नायू तीन प्रकारचे. सांगाड्याचे, आपल्या हुकमातले, सूक्ष्मदर्शकाखाली आडवे पट्टे दिसणारे. दुसरे बिनपट्ट्यांचे, आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांत, आपल्याला न विचारता काम करणारे. अंगावर काटा येतो तोही यांच्यामुळेच. प्रत्येक केसाच्या मुळाशी असा एक इवलासा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो. आणि तिसरा हृदयाचा: पट्टे आहेत, पण हुकूम चालत नाही. त्याच्या पेशी एकमेकींशी अशा जोडलेल्या असतात की एकीला आलेली लहर सगळ्यांतून पसरते आणि हृदय एका दमात आवळतं, दिवसाला साधारण एक लाख वेळा.

मग हृदयाचा स्नायू झटक्यानंतर भरून का येत नाही?

कारण त्याच्याकडे वर सांगितल्यासारख्या राखीव पेशी जवळपास नाहीतच. मेलेल्या भागात संयोजी ऊतीचा वण भरतो. वण धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. त्वचेच्या खोल वणावर केस येत नाहीत, घाम येत नाही, तसंच हे. शरीर भोक बुजवतं, मूळ वीण परत येईलच असं नाही.

हृदयाच्या पेशी अजिबात नव्या होत नाहीत, असं पूर्वी शिकवत. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ते तपासलं, आणि पद्धत अफलातून होती. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, मग उतरत गेला. पेशी जन्मते त्या वर्षीचं प्रमाण तिच्या डीएनएत कोरलं जातं. त्यावरून कळलं की पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशी वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात, आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने. बदलतात, पण झटक्याचं नुकसान भरून काढायला ते पुरत नाही.

ठेच लागल्यावर आधी कळतं आणि मग कळ येते. मधे काय होतं?

दोन वेगळ्या तारांवरून दोन निरोप निघतात. चेतापेशीचा लांब शेपटा म्हणजे अक्षतंतू. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ मीटरभर भरतो. ज्यांच्यावर मायेलिनचं जाड वेष्टन असतं त्या सर्वांत वेगवान तारा सेकंदाला १०० मीटरच्या वर वेग गाठतात. स्पर्शाच्या ताराही वेगवानच, म्हणून पाय आपटला हे लगेच कळतं. ठणक आणणाऱ्या तारांना वेष्टन नसतं, त्या सेकंदाला मीटरभर सरकतात. म्हणून ‘आई गं’ एक क्षण उशिरा.

मांडी घालून पंगतीला बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्या चेतेवर आणि तिच्या रक्तपुरवठ्यावर दाब आल्यामुळे. उठलं की ती पुन्हा बोलू लागते, आधी अडखळत. हातापायांतली तुटलेली चेता नीट जोडली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटाजवळ तुटली तर बोटाच्या टोकाला जाणीव यायला सहा महिने सहज जातात. मेंदू आणि मज्जारज्जूत हे जवळजवळ होत नाही, म्हणून मणक्याच्या इजा इतक्या भयंकर.

‘तुकडा तपासायला’ पाठवला की अहवालाला इतके दिवस का?

काम हाताचं आहे म्हणून. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग त्यातलं पाणी काढून त्याच्या जागी मेण भरतात. मेणाच्या वडीतून ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप काढतात. ते पारदर्शक असतात, म्हणून रंगवावे लागतात: केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. जांभळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतो. मग डॉक्टर बघतात ते विणीकडे: अभिस्तर आपल्या पायरीवर थांबला आहे, की पायरी मोडून खालच्या संयोजी थरात उतरला आहे? कर्करोगाच्या निदानात हा प्रश्न कळीचा. शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवं असेल तर तुकडा गोठवून अर्ध्या तासात बघतात, पण त्यात बारकावा कमी दिसतो.

आणि एक: तुकडा काढल्याने ‘रोग चाळवतो’ या भीतीपोटी लोक महिनेच्या महिने घालवतात. नुकसान त्या महिन्यांनी होतं.

अवयवदान माहीत आहे. ऊतीदान म्हणजे वेगळं काय?

हृदय, यकृत यांचं दान मृत्यूनंतर बहुधा मेंदूमृत अवस्थेतच होऊ शकतं. नेत्रपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया), त्वचा, हाड या ऊती हृदय थांबल्यानंतरही काही तास चालतात, म्हणून घरी वारलेल्या माणसाच्याही देता येतात. आपल्या कायद्यातही २०११ च्या दुरुस्तीने ‘अवयव’ शब्दाच्या जोडीला ‘ऊती’ आली. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली.

त्वचादानात मांड्या-पाठीवरचा फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. शरीर विद्रूप होत नाही, रक्तही वाहत नाही. ती ग्लिसरॉलमध्ये टिकते आणि भाजलेल्या माणसाला तात्पुरतं आवरण म्हणून लावतात; रक्तगट जुळावा लागत नाही. नेत्रपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून परकं नेत्रपटल शरीर बरंच सोसतं. दोन्हींसाठी मुदत साधारण सहा तासांची. नेत्रपेढीला फोन करून माणसं येईपर्यंत घरच्यांनी एवढंच करायचं: पंखा बंद, डोक्याखाली उशी, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाची घडी.